पासवर्ड बरोबर आहे हो!

कर्नल स्वतः कंपाइल केला. मशीन बूट झालं, नेटवर्क आलं, डिस्क माउंट झाल्या, यूनेम मारल्यावर आपण दिलेलं नाव झळकलं. आणि मग एफटीपीने आत शिरायला गेलं, तर '५३० लॉगिन इनकरेक्ट'. काल चालणारा पासवर्ड, तोच युजर, तेच मशीन. पुन्हा टाइप करून बघा, कॅप्स लॉक तपासा, पासवर्ड बदलून बघा. उत्तर तेच.

अशा वेळी मदत मागितली की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "कोणी सांगितलं होतं कर्नल कंपाइल करायला?" दुसरा, "पॅमच्या फाइलमध्ये लॉगिनयूआयडीची ओळ आहे ना, ती कॉमेंट कर. चालेल." पहिला सल्ला उद्धट आहे, दुसरा घातक. पहिल्याने फार तर आपला अपमान होतो. दुसऱ्याने काम होतं, आणि म्हणूनच तो जास्त वाईट. आजचं भांडण मुख्यतः दुसऱ्याशी आहे.

आधी प्रकार काय आहे ते नीट बघू. लिनक्सवर बहुतेक प्रोग्रॅम लॉगिनचं काम स्वतः करत नाहीत, पॅम नावाच्या मध्यस्थाकडे सोपवतात. पॅमकडे चार वेगवेगळी खाती आहेत. तुम्ही तुम्हीच आहात का हे बघणारं एक, तुमचं खातं चालू आहे की मुदत संपली हे बघणारं दुसरं, पासवर्ड बदलायचं तिसरं, आणि आत घेतल्यावर तुमची बैठक मांडून देणारं चौथं, म्हणजे सेशन. लॉगिनयूआयडीचं मॉड्यूल या चौथ्या खात्यात बसतं. म्हणजे त्याची पाळी येते तोपर्यंत तुमचा पासवर्ड तपासून, बरोबर ठरवून, बाजूला ठेवून झालेला असतो. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

या मॉड्यूलचं काम एवढंसं आहे. /प्रॉक/सेल्फ/लॉगिनयूआयडी या फाइलमध्ये, आत्ता जो माणूस आत आला त्याचा क्रमांक लिहायचा. बस. ती फाइल अर्थातच डिस्कवर नसते, कर्नल ती दाखवतो. आणि कर्नलात ऑडिटची सोय बांधलेली असेल तरच दाखवतो. मेन्यूकॉन्फिगमध्ये 'जनरल सेटअप'मध्ये 'ऑडिटिंग सपोर्ट' म्हणून पर्याय असतो, आणि जुन्या कर्नलांत त्याच्याखाली सिस्टिम-कॉल ऑडिटिंगचा वेगळा असायचा. हौसेने कर्नल बारीक करायला बसलेल्या माणसाला 'ऑडिट' हा शब्द दिसला की तो काय करणार? ऑडिट म्हणजे सीए लोकांची भानगड, आपल्याला काय करायचंय, एन. झालं. फाइल गायब.

सेंटओएस ४ आणि ५ च्या जमान्यातलं मॉड्यूल असं होतं की फाइल उघडता आली नाही की सरळ नापास. सिस्टिमच्या लॉगमध्ये 'सेट लॉगिनयूआयडी फेल्ड ओपनिंग लॉगिनयूआयडी' अशी ओळ पडायची, आणि पॅमकडून वर निरोप जायचा की या सेशनची नोंद करता येत नाही. पुढच्या आवृत्त्या शहाण्या झाल्या, फाइलच नसेल तर त्या गप्प बसतात. पण सेशनच्या कुठल्याही मॉड्यूलला कर्नलकडून हवं ते मिळालं नाही की आजही हाच खेळ होतो. नाव बदलतं, एवढंच.

आता अॅप्लिकेशन काय करतं बघा. व्हीएसएफटीपीडीमध्ये सेशन सपोर्ट चालू ठेवला असेल, तर सेशन उघडता आलं नाही की ते पॅमचं दुकान आवरतं आणि 'लॉगिन झालं नाही' एवढंच वर कळवतं. आणि वरचा कोड लॉगिन झालं नाही म्हणजे पासवर्ड चुकला असं धरून चालतो. म्हणून '५३० लॉगिन इनकरेक्ट'. तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन ओळखपत्र बघतो, फ्लॅटवर इंटरकॉम करून विचारतो, सगळं जमतं, आणि मग वहीत नाव लिहायला जातो तर वहीच जागेवर नाही. अशा वेळी वॉचमनने "वही नाहीये" म्हणावं की "तुमचं ओळखपत्र खोटं आहे" म्हणावं?

यावर सुरक्षावाल्या मंडळींचं ठरलेलं उत्तर आहे. लॉगिन का फसलं हे बाहेरच्याला कधी सांगू नये, युजर चुकला की पासवर्ड चुकला हे कळलं तरी चोराला अर्धी किल्ली मिळते. मान्य. शंभर टक्के मान्य. पण हे पासवर्ड तपासून होईपर्यंतचं झालं. सेशनच्या पायरीला आलेला माणूस बरोबर पासवर्ड देऊन आलेला आहे. त्याच्यापासून लपवायचं काय उरलं? 'पासवर्ड बरोबर आहे, पण सेशन उघडता आलं नाही, अॅडमिनला सांगा' एवढं म्हटल्याने कुठल्या चोराचं फावणार आहे? इथे 'इनकरेक्ट' म्हणणं याला मी सुरक्षा म्हणणार नाही. हे धडधडीत खोटं आहे, आणि ते लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या अपयशांना एकच शून्य परत करण्याचा कंटाळा केला म्हणून जन्माला आलंय.

आणि त्या खोट्याची किंमत कोण भरतो? बिचारा युजर. त्याला वाटतं, मागच्या महिन्यात बदललेला पासवर्ड असेल. तो जुने तीन-चार पासवर्ड टाकून बघतो. ते मात्र खरोखरच चुकीचे असतात, त्यामुळे आता खातं लॉक होतं. मग हेल्पडेस्क, मग तिकीट, मग पासवर्ड रीसेट, मग पुन्हा 'इनकरेक्ट'. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एफटीपीवर निदान माणूस ओरडतो तरी. क्रॉन त्याच पॅममधून जातो, आणि त्याला सेशन मिळालं नाही की रात्रीचा बॅकअप चालतच नाही. लॉगमध्ये एक ओळ पडते. ती वाचायला पहाटे तीनला कोण बसलंय?

तर मग करायचं काय? पहिली गोष्ट, जुना कर्नल बूट करा. (तो ग्रबच्या यादीतून काढला नसेल अशी आशा आहे.) जुन्या कर्नलवर तोच पासवर्ड चालला, की पासवर्ड या संशयिताची निर्दोष सुटका झाली, त्याला पुन्हा पोलीस ठाण्यात बोलवू नका. मग लॉग उघडा. रेडहॅटच्या घराण्यात 'सिक्युअर', डेबियनच्या घराण्यात 'ऑथ', आणि सिस्टिमडी असेल तर जर्नल. अॅप्लिकेशन जगासमोर काय बोलतं आणि लॉगपाशी काय कबूल करतं यात केवढी तफावत असते ते इथे दिसतं. मग दोन्ही कर्नलांच्या कॉन्फिग फाइली शेजारी ठेवा. कर्नलच्या सोर्समध्ये स्क्रिप्ट्स फोल्डरात डिफकॉन्फिग नावाचं छोटं हत्यार याचसाठी दिलेलं आहे, फक्त फरक दाखवतं. बहुतेक लोक ते कधी चालवत नाहीत आणि साधा डिफ मारून दोन हजार ओळींकडे बघत बसतात. फरकात ऑडिटची ओळ सापडली की ती वाय करा, पुन्हा कंपाइल करा, बूट करा. आजच्या लॅपटॉपवर, गरजेपुरती मॉड्यूलं ठेवली असतील तर, चहा पिऊन होईपर्यंत कर्नल तयार असतो.

आणि कॉमेंट करायला किती वेळ लागतो? चार सेकंद. खरी स्पर्धा ही आहे, आणि ती चहा हरतो.

म्हणून आता त्या चार सेकंदांबद्दल. लॉगिनयूआयडी ही काही शोभेची फाइल नाही. माणूस आत येताना त्याचा क्रमांक एकदा लिहिला की त्याच्या शेलपासून पुढे निघणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला तो वारशाने मिळतो. त्याने सुडो केलं, एसयू करून रूट झाला, तरी तो क्रमांक बदलत नाही. याच कारणाने या मॉड्यूलच्या मॅन पानात स्पष्ट लिहिलंय की हे सुडो आणि एसयूच्या पॅम फाइलींत घालू नका, मूळ हेतूच मारला जाईल. ऑडिटच्या नोंदीत दोन क्रमांक शेजारी दिसतात. एक म्हणतो काम रूटने केलं, दुसरा म्हणतो रूटच्या कपड्यांत कोण होतं. पाच जणांना सुडो आहे अशा सर्व्हरवर हा दुसरा क्रमांक म्हणजे सगळ्यात सरळ साक्षीदार.

ओळ कॉमेंट केली की या जागी येतं ४२९४९६७२९५. बत्तीस बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे उणे एक, म्हणजे 'ठाऊक नाही'.

"पण कर्नलमध्ये ऑडिटच नाही, मग ओळ ठेवली काय आणि काढली काय?" हा प्रश्न बरोबर आहे, आणि मेख इथेच आहे. कर्नल बदलतो, पॅमची फाइल बदलत नाही. हौसेचा कर्नल सहा महिन्यांत कंटाळा आल्यावर जातो, डिस्ट्रोचा नेहमीचा कर्नल परत येतो, ऑडिट पुन्हा सुरू होतं, ऑडिटडी इमानेइतबारे नोंदी लिहायला लागतो. आणि पॅममधला तो हॅश तिथेच. पॅकेज अपडेट झालं तरी तुम्ही हात लावलेली कॉन्फिग फाइल पॅकेज मॅनेजर सहसा बदलत नाही, नवीन फाइल शेजारी ठेवून निघून जातो. आजार गेला, प्लास्टर तसंच.

याहून वाईट पुढे आहे. ऑडिटचे नियम आपण कोणी स्वतः लिहीत नाही, सुरक्षेच्या प्रमाणित यादीतून उचलतो. त्या नियमांतल्या बऱ्याच ओळींना एक चाळणी लावलेली असते, की लॉगिनयूआयडी १००० किंवा जास्त हवा आणि तो 'ठाऊक नाही' नसावा. हेतू चांगला आहे. डेमनांनी केलेल्या फाइल-हालचालींनी लॉग भरू नये, माणसांनी केलेल्याच दिसाव्यात. पण ज्या मशीनवर एसएसएचडीची ओळ कॉमेंट केलेली आहे तिथे एसएसएचने आलेला प्रत्येक माणूस 'ठाऊक नाही' असतो. म्हणजे तो या चाळणीतून गळतो. त्याने फाइल उडवली, परवानग्या बदलल्या, तर नाव चुकीचं लागत नाही, नोंदच होत नाही. ऑडिट चालू आहे, डॅशबोर्ड हिरवा आहे, आणि माणसं अदृश्य.

हे मी हवेत बोलत नाहीये. एका कंपनीत (नाव नको) प्रॉडक्शन सर्व्हरवरची एक डिरेक्टरी एका रात्री उडाली. सुडो पाच जणांना होतं. शेल हिस्टरीत काही नव्हतं, ती कोणालाही पुसता येते. सुडोच्या लॉगमध्ये पाचांपैकी तिघांनी त्या रात्री रूट शेल उघडल्याचं दिसत होतं, पुढे आत काय केलं ते नाही. ऑडिट चालू होतं, म्हणून सगळे निर्धास्त होते. लॉग काढले तर त्या डिरेक्टरीबद्दल एक अक्षर नाही. मला पुढच्या आठवड्यात ते बघायला सांगितलं, आणि पॅमच्या फाइलमध्ये हॅश सापडला. शेजारी तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची, आणि कोणीतरी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं, 'नवीन कर्नलवर लॉगिन होत नाही म्हणून तात्पुरतं'. तो नवीन कर्नल त्या मशीनवरून केव्हाच गेला होता. तोपर्यंत मीटिंगा होऊन गेल्या होत्या, आणि त्या तिघांतली सगळ्यात नवीन, आठ महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी सगळ्यांच्या नजरेत गुन्हेगार ठरली होती. पुरावा तिच्याविरुद्ध नव्हता आणि तिच्या बाजूनेही नव्हता. तिने दोन महिन्यांत नोकरी सोडली. कोणी केलं ते आजतागायत ठाऊक नाही. ४२९४९६७२९५ ने केलं.

कंटेनरच्या जगात तर ही ओळ कॉमेंट करणं हा पाठच दिला गेला. एसएसएच चालवणारा कंटेनर कसा बनवावा याचं एक उदाहरण डॉकरच्या अधिकृत कागदपत्रांत बरीच वर्षं होतं. त्यात सेड वापरून याच मॉड्यूलचं 'रिक्वायर्ड' बदलून 'ऑप्शनल' केलेलं असायचं, कारण नाहीतर लॉगिन झाल्या झाल्या युजर बाहेर फेकला जायचा. त्या वेळी कंटेनरमधून ती फाइल लिहायला कर्नल नकार देत असे, त्यामुळे उपाय समजण्यासारखा होता, आणि 'ऑप्शनल' हे कॉमेंट करण्यापेक्षा कितीतरी बरं. पण ती सेडची ओळ नंतर डॉकरफाइलमधून डॉकरफाइलमध्ये, तिथून व्हीएमच्या सेटअप स्क्रिप्टमध्ये, तिथून खऱ्याखुऱ्या सर्व्हरवर कॉपी-पेस्ट होत गेली. का आहे ते कोणाला सांगता येत नाही. काढायची हिंमत कोणाची होत नाही. देवघरातल्या अनोळखी टाकासारखी, पूजा चालू.

आपल्याकडे सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला, सगळ्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवा. सगळ्यांनी डिस्क वाढवल्या. छान. पण १८० दिवस काय जपणार आहात ते एकदा उघडून तरी बघा.

कर्नलवाल्यांनाही थोडं सुनवायला हवं, नाहीतर पक्षपात होईल. २०१२ मध्ये ३.३ कर्नलात 'लॉगिनयूआयडी इम्यूटेबल' असा पर्याय आला. वाय केला की क्रमांक एकदाच लिहिता येतो, पुन्हा बदलता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम. पण जुन्या पद्धतीच्या इनिटवर अॅडमिन स्वतःच्या शेलमधून एसएसएचडी रीस्टार्ट करतो, तेव्हा एसएसएचडीला अॅडमिनचाच क्रमांक वारशाने मिळतो. मग पुढे येणाऱ्या प्रत्येकाचा क्रमांक लिहायला गेलं की कर्नल म्हणतो, लिहिलेला आहे, आता नाही. म्हणजे बूटनंतर सगळं सुरळीत, तीन आठवडे सुरळीत, आणि मग कोणीतरी एसएसएचडी रीस्टार्ट केला की सगळ्यांना बंदी. कर्नलवर संशय घ्यायचं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. आता गंमत अशी की पर्यायाच्या मदतीच्या मजकुरात हे सगळं लिहिलेलं होतं! सिस्टिमडीसारखं काही असेल तर हो म्हणा, जुनी पद्धत असेल तर नाही म्हणा. पण ओल्डकॉन्फिगमध्ये एंटर दाबत सुटलेल्या माणसाला मदतीचा मजकूर दिसत नाही, आणि पन्नास प्रश्न एका दमात विचारले की माणूस एंटरच दाबणार हे विचारणाऱ्याला कळायला हवं. पुढे हा पर्याय कंपाइल करतानाच्या यादीतून काढला आणि चालू मशीनवर ठरवता येईल असा केला, ते योग्यच झालं.

आता पहिल्या सल्ल्याकडे. "कोणी सांगितलं होतं कंपाइल करायला?" अहो, कोणीतरी करतंच. एम्बेडेडवाले रोज करतात, रिअल-टाइमवाले करतात, जेंटूवाले तर धर्म म्हणून करतात. आणि कंपाइल न करताही हे दुखणं चुकत नाही. २०१९ ची गोष्ट घ्या. ५.३ कर्नल बाहेर पडण्याच्या बेतात होता. एक्स्ट४ मध्ये डिस्कच्या खेपा कमी करणारी एक सुधारणा आली होती, कोडमध्ये चूक काहीच नाही. खेपा कमी म्हणून इंटरप्ट कमी, इंटरप्ट कमी म्हणून कर्नलचा रँडमपणाचा साठा भरायला उशीर, आणि गेटरँडम हा कॉल साठा तयार होईपर्यंत मागणाऱ्याला ताटकळत ठेवतो. काही मशीनांवर बूट होताना जीडीएमच्या वाटेवर कोणीतरी रँडम आकडे मागत होतं. लॉगिनचा पडदाच येईना. फाइलसिस्टिम वेगवान केली म्हणून लॉगिन बंद! हे कुठल्या 'एरर मेसेज'वरून ओळखणार होता तुम्ही?

तेव्हा मागणाऱ्या प्रोग्रॅमचंच चुकतंय असं म्हणणारेही होते, आणि त्यात तथ्यही होतं. तरी लिनसने १५ सप्टेंबर २०१९ ला ५.३ काढताना ती सुधारणा मागे घेतली, कारण चालणाऱ्याचं चालणं बंद पडलं होतं. ५.४ मध्ये साठा भरत नसेल तर सीपीयूच्या वेळेतल्या बारीक चढउतारांतून रँडमपणा गोळा करायची सोय केली, आणि मग एक्स्ट४ ची सुधारणा परत आत आली. दुखण्याचं मूळ शोधलं, ते बरं केलं, आणि तात्पुरती माघार कायमची होऊ दिली नाही. यातलं शेवटचं पाऊल आपण कधीच टाकत नाही.

तर सोमवारी ऑफिसात गेल्यावर एवढं करा. आपल्या सर्व्हरवर लॉगिन करा आणि /प्रॉक/सेल्फ/लॉगिनयूआयडी कॅट करून बघा. तुमचा क्रमांक आला तर ठीक. ४२९४९६७२९५ आला तर पॅमच्या फोल्डरात ग्रेप मारा, हॅश सापडेल, किंवा 'ऑप्शनल' सापडेल. काढण्याआधी तिथे कुठला कर्नल चालतोय आणि त्यात ऑडिट आहे का ते बघा, टीमला सांगा, आणि एक रूट सेशन दुसऱ्या खिडकीत उघडं ठेवून मगच फाइलला हात लावा. नवीन लॉगिन होतंय याची खात्री पटेपर्यंत ती खिडकी बंद करू नका. क्रॉनची फाइल विसरू नका, तिथेही तीच ओळ असते.